धोंडू, तुझ्या रद्दीचे सहा दिवस

धोंडू,

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी. तुझं नऊ महिन्यांचं काम मी एका ओळीत घालवलं, हे जगाला माहीत आहे. माझ्या मुलाच्या लग्नात, माझ्या साठीला आणि तुझ्या स्वतःच्या निरोप समारंभात माइक हातात घेऊन तू ते सांगितलंस. पण एक गोष्ट मी तुझ्यापासून तीस वर्षं लपवली. ती ओळ घातल्याबद्दल आपल्या कंपनीतले सावंतसाहेब मला 'शाबास' म्हणाले होते, आणि त्या आनंदात मी घरी जाताना बारा बटाटेवडे बांधून नेले होते. तुझं काम बुडाल्याचे वडे आमच्याकडे सगळ्यांनी चवीने खाल्ले. मी तीन खाल्ले. वर चटणी पुरली नाही म्हणून कुरकुर केली.

आता हसलीस तर ठीक. नाही हसलीस तर मी काय करणार, तू गेलीस.

तेव्हाची मी म्हणजे काय सोंग होतं! चौतीस वर्षांची, दोन मुलांची आई, आणि डोंबिवलीच्या एका क्लासात सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलेलं. ते मी पर्समध्ये घेऊन फिरायची, जणू वाटेत पोलीस अडवून विचारणार होता, 'बाई, तुम्हाला कॉम्प्युटर येतो का?' ठाण्यातल्या आपल्या रंगाच्या कंपनीत मला घेतलं ते टेपा बदलायला. रोज संध्याकाळी मोठ्या मशीनमधल्या सगळ्या कामाची नक्कल टेपवर उतरवायची, टेपेवर चिठ्ठी डकवायची, कपाटात ठेवायची. त्याला म्हणायचं बॅकअप. काम एवढंच. पण मी त्या थंडगार खोलीत स्वेटर घालून अशा थाटात बसायची, की विमान मीच उडवते आहे.

तू माझ्याआधी सहा वर्षं तिथे. रंगाच्या प्रयोगशाळेतून वर आलेली, नखांच्या कडांना निळा रंग कायमचा बसलेला. रजिस्टरात सही 'डी. आर. गायकवाड'. अख्खी कंपनी तुला दीपा म्हणायची आणि तू हाकेला ओ द्यायचीस.

तर ती ओळ. तुला नव्याने सांगायला नको, पण हे दुसऱ्या कोणी वाचलं तर त्याला कळायला हवं. टेपा भरत चालल्या होत्या. सावंतसाहेब म्हणाले, "बाई, नको ते काढा, जागा करा." मी पदर खोचला. मशीनवर प्रत्येकाच्या डिरेक्टऱ्या होत्या, म्हणजे कपाटातले कप्पेच म्हण. त्यात तुझ्या नावाखाली एक कप्पा सापडला, दिवसेंदिवस फुगत चाललेला, आणि त्याचं नाव काय, तर 'रद्दी'. मला घबाडच मिळालं. बॅकअपमधून वगळायच्या यादीत मी एक ओळ घातली, 'रद्दी घेऊ नये.' पुढे माझी आद्याक्षरं.

माझी समजूत अशी, की 'घेऊ नये' म्हणजे आजपासून घेऊ नये. आधी घेतलेल्या नकला कपाटात सुखरूप राहणारच. मशीनची समजूत वेगळी होती. ते म्हणालं, ही वस्तू मालकिणीला नको झालेली दिसते, तेव्हा सात दिवस वाट बघू आणि जुन्या नकलाही खोडू. हा सातचा आकडा तिथे समोरच लिहिलेला होता. तो कशाचा आहे हे वाचायची मला गरज वाटली नाही, कारण माझं सर्टिफिकेट लॅमिनेटेड होतं. आठव्या दिवशी त्या टेपा मोकळ्या ठरल्या आणि त्यांच्यावर माझ्याच हातांनी दुसरं काम चढलं.

तीन आठवड्यांनी, एका सोमवारी, डिस्क बसली, मशीनमधलं सगळं गेलं.

"घाबरायचं काय त्यात? टेप आहे ना!" सावंतसाहेब म्हणाले. आणि खरंच, दुपारपर्यंत सगळ्यांचं सगळं परत आलं. तुझी रद्दी आली नाही. तू वगळायची यादी उघडलीस. पडद्यावर ती ओळ, पुढे माझी आद्याक्षरं. स्वतःच्या प्रत्येक पराक्रमापुढे सही ठोकायची मला भारी हौस. तू तिथून नजर हलवली नाहीस, बोललीही नाहीस. माझ्या मनात आलं, आपणही बोलू नये. चहा येईपर्यंत होतं मनात, खोटं सांगत नाही. चहा आला आणि मी कप तसाच बाजूला ठेवला.

"ती ओळ मी घातली," मी म्हणाले. "नाव रद्दी होतं म्हणून."

"रद्दीच होती ना? मग गेली तर गेली," सावंतसाहेब म्हणाले.

तेव्हा तू सांगितलंस त्यात काय होतं ते. प्रयोगशाळेतल्या जुन्या केमिस्ट लोकांच्या वह्या. एकेका गिऱ्हाइकासाठी जुळवलेल्या छटा, कुठला रंग किती भाग, आणि कडेला त्यांचे शेरे. वह्यांना वाळवी लागली होती म्हणून तू जेवणाच्या सुट्टीत बसून बसून नऊ महिने ते टाइप केलं होतंस. तुला कोणी सांगितलं नव्हतं.

सावंतसाहेबांनी मला झापायला तोंड उघडलं. तू नुसता हात वर केलास.

"विजू, काढण्याआधी विचारलंस का?"

"नाही."

"मग शनिवारी दोघींचा डबा आण."

बस. एवढीच माझी चौकशी, आणि एवढीच शिक्षा.

कल्याणच्या गोदामात त्या वह्या पडल्या होत्या, पाठीकडून खाल्लेल्या. त्या आणल्या. शनिवारी अर्धा दिवस सुट्टी असायची. एक वाजता सगळे घरी जायचे आणि आपण दोघी बसायचो. तू वाचायचीस, मी टाइप करायची. 'गेरू तीन भाग, पिवळा अर्धा, काळा सुईच्या टोकावर राहील इतका.' एका वहीत शेरा होता, 'हा हिरवा ढगाळ दिवशी पास करू नये, नंतर भांडण होते.' दुसऱ्या एकात नुसतंच, 'गिऱ्हाईक म्हणते आईच्या लुगड्यासारखा लाल. आई हयात नाही. अंदाजे.' तो वाचून झाल्यावर तू पुढचं पान उलटलं नाहीस. मी मान वर केली तर तू चष्मा पुसत होतीस. मीही मग उगाच डब्याचं झाकण उघडून बघितलं.

तिसऱ्या शनिवारी मी धीर करून विचारलं, "पण रद्दी नाव का ठेवलंस गं? सोनं म्हणायचं होतंस."

"सोनं म्हटलं असतं तर सगळ्यांनी उघडून बघितलं असतं. रद्दीकडे कोण बघतं?" तू म्हणालीस. आणि माझ्याकडे असं बघितलंस की मी वांग्याची भाजी मुकाट्याने तुझ्या पुढ्यात सरकवली. अख्ख्या कंपनीत रद्दी उचलायला एकटी मी निघाले होते!

मग तू विचारलंस, "माझं नाव काय आहे, सांग बघू."

"दीपा."

"धोंडूबाई."

मी हसले. तू हसली नाहीस. आंबिवलीच्या चाळीत तुझ्या आईची तीन मुलं एकामागून एक गेलेली. तू झालीस तेव्हा आईने ठरवलं, हिचं नाव धोंडू. धोंडा कोणाला हवा असतो? मृत्यू दारात येईल, नाव ऐकेल आणि पुढे जाईल. वडील म्हणाले, "अगं, आता आपण दीक्षा घेतली, असलं काही मानायचं नाही." आई म्हणाली, "मी कुठे मानतेय? पण नाव धोंडूच ठेवणार." आणि तू जगलीस. "तेव्हापासून आमच्याकडे," तू म्हणालीस, "जे जपायचं, त्याला नाव हलकं ठेवायचं."

त्या दिवसापासून मी तुला धोंडू म्हणायला लागले. कंपनीत दुसऱ्या कोणाला ती मुभा नव्हती. एकदा सावंतसाहेबांनी माझं ऐकून हाक मारून बघितली तर तू रजिस्टरातून डोकंच वर काढलं नाहीस.

अकरा शनिवार लागले. शेवटच्या शनिवारी तू एक लांबट वही काढलीस आणि तिच्यावर लिहिलंस 'विचारलं'. तुझा नियम. कुठलीही डिरेक्टरी बॅकअपमधून काढायची, किंवा तिची मुदत ठरवायची, तर आधी ज्याची आहे त्याच्याकडे जायचं. किती दिवस हवी, का हवी, हे विचारायचं आणि वहीत त्याची सही घ्यायची. माणूस कंपनी सोडून गेला असेल तर पत्र टाकायचं. वारला असेल तर घरी विचारायचं. लोक वैतागायचे. स्टोअरचे राणे तर तुला बघून संडासात जायचे. पण त्या वहीनंतर आपल्या खोलीतून कोणाचंही काही चुकून गेलं नाही. आणि टेपा पुरल्या, हेही खरं. कारण विचारलं की लोक स्वतःच म्हणायचे, 'अरे, हे अजून आहे होय? काढा, काढा.'

शुक्रवारी एक जादा नक्कल बाहेरगावी ठेवायची पद्धत होती, ठाण्यात आग लागली तर कल्याणला असावी म्हणून. तू कल्याणची, म्हणून टेपा तू न्यायचीस. कापडी पिशवीत खाली कंपनीचं सगळं गुपित आणि वर मेथीची जुडी. "कोण हात घालतंय मेथीत?" म्हणायचीस. गोदामातल्या कपाटात टेपा ठेवून मेथी घेऊन घरी. तुझी लेक उज्ज्वला लहानपणी दर शुक्रवारी मेथी खाऊन कावली होती. तिला कारण कळलं ते कॉलेजात गेल्यावर.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही, धोंडू.

त्या एका ओळीनंतर मी काही टाकेनाशी झाले. कायमची धास्तीच बसली. वर्तकनगरच्या माझ्या दोन खोल्यांत लग्नपत्रिका, रिकाम्या बरण्या, एकाच फोटोच्या सात-सात प्रती, बंद पडलेल्या मिक्सरचं भांडं, सगळं. 'असू दे, लागेल.' तू यायचीस आणि फ्रिज उघडून उभी राहायचीस. "विजू, हे लोणचं माझ्या रिटायरमेंटच्या आधीचं आहे."

"मुरतंय."

"मुरलं, वारलं आणि आता भूत झालंय. मुदत घाल काहीतरी. जिथे सगळंच ठेवलेलं असतं तिथे हवं ते सापडत नाही."

"आणि घातलेली मुदत चुकली तर?"

"म्हणून तर आधी विचारायचं. मुदत म्हणजे फेकणं नव्हे गं. कधी निरोप द्यायचा ते शुद्धीवर असताना ठरवणं."

मला ते पटायचं नाही. अजून पुरतं पटलेलं नाही. तू माझ्याकडे येऊन एक बरणी रिकामी केलीस की तू रिक्षात बसेपर्यंत मी ती घासून परत फळीवर ठेवायची.

रिटायर झाल्यावर तुला चैन पडेना. दोन काळ्या पेट्या आणल्यास, एक तुझ्या घरी, एक माझ्या. तुझ्या लॅपटॉपची नक्कल माझ्या पेटीत, माझ्याची तुझ्याकडे. कल्याणला काही झालं तर तुझं ठाण्यात सुखरूप, ठाण्यात काही झालं तर माझं कल्याणला. माझी नात म्हणाली, "आजी, एवढं कोण करतं आता? क्लाउडवर टाक ना सगळं." मी म्हटलं, आमचा क्लाउड कल्याणला राहतो, आणि येताना मेथी आणतो. माझ्या पेटीत तू नियम घातलास. लॅपटॉपवरून जे काढलं जाईल त्याची नक्कल नव्वद दिवस राहील आणि मग आपोआप जाईल. दर रविवारी मला मेल येईल, काय जाणार आहे आणि किती दिवस उरले. नव्वद का, विचारलं तर म्हणालीस, "तुझ्यासारख्यांना पस्तावायला तेवढे लागतात."

आणि तरी, सगळ्याला मुदत घालत सुटलेली तू. आमचे हे गेले तेव्हा माझ्या फोनमध्ये त्यांचा एक आवाज राहिला होता. काही विशेष नव्हतं, 'विजू, दूध घेतलं, अजून काही आणू?' एवढंच. मी तो दिवसातून दहादा ऐकायची. मुलगा काळजीने म्हणाला, 'आई, पुरे आता, काढून टाक.' मी तुझ्याकडे आले. मला वाटलं तूही तेच म्हणशील. तू तो आवाज तुझ्या पेटीत उतरवून घेतलास, मुदतीच्या रकान्यात 'कधीही नाही' असं लिहिलंस, आणि म्हणालीस, "आता फोनवरून गेला तरी चालेल. माझ्याकडे आहे." त्यानंतर मी तो दहादा ऐकायचं आपोआप थांबले. त्याबद्दल तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात म्हणायची पद्धत नव्हती. आज म्हणते.

मग तो तुझा फोन. दुपारचा.

"विजू, आज रद्दी टाकली."

"पेपरवाला आला होता?"

"लॅपटॉपवरची. नाव रद्दीच आहे. रविवारी तुला मेल येईल. हात लावू नकोस, नव्वद दिवसांनी जाऊ दे."

"त्यात काय आहे?"

तू म्हणालीस, "राग आहे. हे गेल्यापासून दुपारी बसून लिहायची. ज्याच्यावर राग यायचा त्याच्या नावाने फाइल. तुझ्यावर पण एक आहे."

"किती पानं?"

"चार."

"चारच? तीस वर्षांत चार? आणि उज्ज्वलावर?"

"बरीच," तू म्हणालीस. "तिचे बाबा आजारी असताना तिने पुण्याला बदली घेतली ना, तेव्हाची. पण विजू, लिहून लिहून राग गेला. खरंच गेला. आता नुसतं लिहिलेलं उरलंय. ते पोरीने वाचलं तर तिला वाटेल आई जन्मभर रागावलेलीच होती. तिला वाचू देऊ नकोस."

मी बरं म्हटलं. मग आपण कोबीच्या भावावर बोललो.

त्यानंतर दोन महिन्यांनी तू गेलीस. दुपारी, जेवून, खुर्चीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी कल्याणला तुमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, तुझ्या फोटोकडे बघितलं आणि खाली बसले. जिने तीन समारंभांत माइकवरून माझी अब्रू काढली, तिच्याबद्दल मला एका माइकवर दोन शब्द सुचले नाहीत. ते हे आता लिहिते आहे.

हॉलमधून निघताना उज्ज्वलाने मला जिन्यात गाठलं. "मावशी, आईचा लॅपटॉप उघडला मी. विजेची बिलं आहेत, फोटो आहेत, दोन रेसिपी. बस. रोज दुपारी तासभर काहीतरी टाइप करायची हो ती. मी फोन केला की कीबोर्ड ऐकू यायचा. ते सगळं गेलं कुठे?"

"बघते," मी म्हटलं.

"बघा ना. बाबा आजारी होते तेव्हा मी पुण्याला गेले, त्यावर आई मला एक शब्द बोलली नाही. कधीच नाही. बोलली नाही म्हणजे लिहिलं असणार. मला बरं-वाईट काहीही चालेल, मावशी. पण तिच्या मनात काय होतं ते कळायला हवं."

मी घरी आले. रविवारी मेल आला, 'रद्दी. शिल्लक दिवस वीस.' पुढच्या रविवारी तेरा.

पेटी माझ्या फ्रिजवर आहे, हिरवा दिवा लुकलुकत असतो. मी चहा करताना तिच्याकडे बघायची, ती माझ्याकडे. आणि आता दुसरी कबुली. मी यादी उघडली. नुसती नावं वाचली, शपथेवर सांगते. 'उज्ज्वला' होतं. 'हे' होतं. 'सावंत' होतं, म्हणजे त्यांनाही तू सोडलं नाहीस. आणि 'विजू'. बाजूला बटण, 'परत आणा'. एक टिचकी मारली असती की तुझी चार पानं माझ्यासमोर. काय लिहिलं असशील? वड्यांचं तुला माहीत होतं की काय?

मला खरी भीती वेगळीच होती, धोंडू. तू म्हणतेस ही रद्दी आहे. पण पहिल्या वेळीही तू रद्दीच म्हणाली होतीस! त्या नावावर विश्वास ठेवून मी एकदा तोंडावर आपटले आहे. जे जपायचं त्याला हलकं नाव ठेवणारी तू. मग या वेळी नाव खरं, असं कसं मानू? रागाची म्हणून पानं जाऊ दिली आणि त्यांत पोरीवरची माया निघाली तर? उलट परत आणली आणि खरंच राग निघाला तर? तुझ्या नावाचा धोंडा अडुसष्ट वर्षं पुरला, कुठल्याही टेपेला एवढी मुदत नव्हती. या रद्दीचा निकाल मात्र तू माझ्या फ्रिजवर ठेवून गेलीस.

शेवटी मी ती लांबट वही काढली. 'विचारलं'. हो, माझ्याकडेच आहे, मी काही टाकत नाही हे तुला माहीत आहे. तुझ्या अक्षरातला नियम वाचला. ज्याचं आहे त्याला विचारा. वारला असेल तर घरी विचारा. तू तर आधीच सांगितलं होतंस, 'जाऊ दे.' पण 'उज्ज्वलाला वाचू देऊ नकोस' म्हणालीस, 'उज्ज्वलाला सांगू नकोस' असं नव्हे. ही फट मी शोधली. शोधणारच. तूच शिकवलंस, यादी नीट वाच म्हणून.

काल रविवार होता. सकाळी मेल आला, 'शिल्लक दिवस सहा.' मी कल्याणला गेले, कापडी पिशवीत ती वही आणि वर मेथीची जुडी घेऊन.

उज्ज्वला स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. भोवती तुझे मसाल्याचे डबे. प्रत्येकावर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी, कधी केला, कधीपर्यंत वापरायचा. गोड्या मसाल्याची तारीख कधीच उलटून गेली होती आणि तो डबा तिच्या मांडीत होता.

"टाकवत नाही हो," ती म्हणाली.

"नको टाकूस," मी म्हटलं. माझ्याकडून दुसरा कुठला सल्ला मिळणार? मग मीही खाली बसले. आता बसले की उठायला कोणीतरी लागतं, पण बसले. आणि तिला सगळं सांगितलं. "रद्दी आहे, माझ्या घरी आहे, सहा दिवसांनी जाणार आहे. त्यात राग आहे असं तुझी आई म्हणाली. तुझ्यावरचाही आहे. वाचू देऊ नकोस म्हणाली. मी उघडलेलं नाही. परत आणायची तर एका टिचकीचं काम आहे." आणि हेही सांगितलं, की तू चांगल्या गोष्टींना वाईट नावं ठेवायचीस, तेव्हा मला काहीच खात्री देता येत नाही.

तिने बराच वेळ त्या डब्याचं झाकण नुसतं फिरवलं.

"बदलीचंच लिहिलंय?"

"हो, म्हणाली तसं."

"आणि बोलताना आवाज कसा होता तिचा?"

मी आठवून बघितलं. "कोबी महाग झाला म्हणाली ना, तसाच. अगदी साधा. 'लिहून लिहून राग गेला, खरंच गेला,' असं म्हणाली. हे तिचे शब्द आहेत, माझा एकही नाही."

उज्ज्वलाने डबा उघडला, वास घेतला. डोळे पुसले ते मसाल्याने की कशाने, मी विचारलं नाही. मग पिशवीतली वही ओढून घेतली, शेवटच्या सहीखाली रिकामी ओळ होती तिथे तुझं नाव लिहिलं, पुढे 'रद्दी', आणि त्यापुढे स्वतःची सही केली. वही माझ्या हातात दिली आणि म्हणाली,

"राग गेला असं आई स्वतः म्हणाली ना, मावशी? मग मला तेवढंच हवं होतं. बाकीचं जाऊ दे त्याच्या दिवशी. आणि या वेळी काढण्याआधी विचारलंत, हे आईला कळवा."